लोखंडाचा आवाज

धातू शोधायचं यंत्र असं काही गुरगुरलं, की नोल्बेर्तो जागच्या जागी थबकला. एक पाऊल पुढे टाकलं, पुन्हा गुरगुर. डावीकडे वळला, तिथेही तेच. आकाशातून पडणारा दगड फुटतो, तेव्हा त्याचे तुकडे असेच विखुरतात, हे त्याला कालामा गावातल्या दुकानदाराने सांगितलं होतं. असा दगड म्हणजे बहुतेक लोखंडच, हेही त्यानेच सांगितलं होतं. म्हणून तर आज नोल्बेर्तोने यंत्रातलं लोखंड वगळायचं बटण पहिल्यांदाच बंद केलं होतं.

एरवी ते बटण कुणी बंद करत नाही. सोऱ्याचे कारखाने बंद पडले, माणसं निघून गेली, पण त्यांचे खिळे, तारा आणि डबे या वाळवंटातच राहिले. ते सगळं ऐकत बसलं तर जुनी नाणी आणि मजुरीत पैशांऐवजी मिळणारे पितळी बिल्ले सापडायचे कधी? यंत्र घेतलं त्याच दिवशी त्याने लोखंडाला गप्प करून टाकलं होतं.

पिकअपच्या सावलीत त्याची आई एर्सिलिया घडीच्या खुर्चीवर बसली होती. मांडीवर कागदी फुलांचा हार. आज मृतांचा दिवस. दर वर्षी या दिवशी ती सान लिसांद्रो कारखान्याच्या या ओसाड दफनभूमीत यायची, हार फाटकाच्या खांबाला बांधायची आणि परत जायची. तिची पहिली मुलगी ओतिलिया तान्ही असताना इथे गेली होती, पण तिची कबर काही सापडत नव्हती. लेकरांच्या कबरी भिंतीमागे होत्या. भिंत पडली, लाकडी क्रूस कुणी जाळायला नेले, उरलंसुरलं धुळीने सपाट केलं. मागे एकदा आईच्या हट्टापायी नोल्बेर्तोने यंत्र घेऊन तो तुकडा पालथा घातला होता. यंत्र मुकं राहिलं. इथे कुणीच नाही, तुलाच जागा नीट आठवत नाही, असं त्याने तेव्हा ऐटीत सांगून टाकलं होतं. आता पुढच्या आठवड्यात त्याची धाकटी बहीण आईला दक्षिणेला, वाल्दिवियाला घेऊन जाणार होती. म्हातारी पुन्हा एवढ्या लांब येणार नव्हती.

आत्ता तो त्याच तुकड्यावर उभा होता, पण ते त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पहिला दगड वरच मिळाला. काळा, मुठीएवढा, चांगला वजनदार. लोहचुंबक टच्चकन चिकटलं. त्याने ओरडून आईला सांगितलंसुद्धा. मग थुंकी लावून दगड पुसला आणि त्याचं तोंड उतरलं. बारीक बारीक भोकं होती. आकाशातल्या दगडाला अशी भोकं नसतात. भट्टीतल्या धातूच्या मळीला असतात.

“काय रे, आकाशातून पडला की कारखान्याच्या धुराड्यातून?” आईने तिथूनच विचारलं.

त्याने दगड भिरकावून दिला. पुढच्या जागी गुडघे टेकले आणि हातानेच धूळ सारली. गंजका पत्रा लागला. डब्याचा तुकडा असणार म्हणून ओढला, तर त्यामागून तार आली आणि तारेत ओवलेल्या पाकळ्या. एक, मग दुसरी, मग अख्खं फूल.

नोल्बेर्तोने त्यावरची धूळ फुंकली. या वाळवंटात फुलं कुठली? इथल्या बायका दुधाचे डबे कापून कबरींसाठी लोखंडी पत्र्याची फुलं करायच्या. त्याच्या आईचे गुलाब तर इतके नाजूक असायचे, की दुसऱ्या कारखान्यांतल्या बायका ते मागायला यायच्या. क्रूस जळाले, पण फुलं धुळीखाली शाबूत होती. यंत्राने तेव्हाही ती ऐकली असती, त्यानेच यंत्राचे कान बंद केले होते. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की फूल घेऊन आईकडे पळतच सुटला.

एर्सिलियाने ते फूल हातात फिरवून पाहिलं. “ही फिदेलियाची कात्री. ती कडा दातेरी कापायची. तिच्या जुळ्यांचं आहे हे.” आणि ती कुणाचा हात न धरता खुर्चीवरून उठली.

मग दोघांना कशाचं भान राहिलं नाही. यंत्र गुरगुरायचं, तो धूळ सारायचा, ती वाकून बघायची. प्रत्येक बाईची कापायची तऱ्हा वेगळी. दुमडलेल्या पाकळ्या दिसल्या, की ती बोलिव्हियाची निकासिया. लांबट पानं असली, की मुकादमाची बायको. फूल पुन्हा जागच्या जागी ठेवताना आई त्या लेकराचं नाव घ्यायची, जेवायला हाक मारावी तसं. ज्या जमिनीवर कुणीच नाही असं तो म्हणाला होता, तिथे अख्खी आळी जमली होती.

“तुझा गुलाब मी लांबूनच ओळखीन,” तो म्हणाला. आई काहीतरी सांगायला गेली, पण तो केव्हाच पुढे निघाला होता.

गुलाब मात्र कुठेच दिसेना. ऊन उतरत आलं. अगदी कडेला यंत्र पुन्हा गुरगुरलं. त्याने घाईघाईने धूळ सारली. हाती लागले पत्र्याचे वेडेवाकडे तुकडे, एक लहान, एक मोठा, एक मध्येच फाटलेला, तारेने कसेबसे आवळलेले. ना पाकळी, ना पान. डब्याचा कचरा, असं पुटपुटत त्याने फेकायला हात उचलला.

“टाकू नकोस.”

एर्सिलिया धुळीतच फतकल मारून बसली. तिने ते तुकडे त्याच्या हातातून घेतले, पदराने पुसावेत तसे झग्याच्या टोकाने पुसले आणि छातीशी धरले.

“अगं, हे तुझं कसं असेल?” नोल्बेर्तो म्हणाला. “तुझी फुलं किती सुंदर असतात.”

“सुंदर फुलं सगळी नंतरची, दुसऱ्यांच्या लेकरांची,” ती म्हणाली. “हिच्या वेळी मला कुठे करता येत होती?”