चाळीस रुपयांचा बेडूक

"बघ, ह्यो तुझा माल!" म्हणत गोकुळनं रबरी बेडूक काउंटरवर आदळला.

फारुकनं तो उचलला. हिरवा, पोटात दुहेरी गळ, चाळीस रुपयांवाला. त्याच्याच गळ-दोरीच्या दुकानातला.

"काल हिंदुरावांच्या ह्या बेडकावर तीनदा मरळ झेपावली," गोकुळ म्हणाला. तो पळसदेवचा, उजनीच्या पाण्यावर होडी घालून मासे धरणारा. "तीनदा तोंडात घेतला आन् तीनदा सोडला. जाताना काठावर इसरून गेलं बिचारं. जरा गळाला हात लावून बघ."

फारुकनं गळावर अंगठा फिरवला. टोकच नव्हतं. नुसतं गुळगुळीत. विकून आठ दिवससुद्धा झाले नव्हते! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसरं गिऱ्हाईक असतं, तर स्वस्तातला माल आहे दादा, असाच निघायचा, असं म्हणून त्यानं हात झटकले असते. पण हे हिंदुराव होते. जळोचीत भिंतीला भिंत लागून घर. फारुकची आई लवकर गेली, तेव्हा त्यांच्या बायकोनं, प्रयागबाईंनी, त्याला जेवू घातलं होतं. त्याच काकू आता अंथरुणावर होत्या. पोटात गाठ. डॉक्टरांनी पंधरा दिवस सांगितले होते, त्याला अडीच महिने उलटले.

काकूंचं माहेर पळसदेव. त्यांचे वडील मरळ धरण्यात पटाईत. लग्नात हिंदुरावांनी सासऱ्यासमोर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "तुमच्या लेकीला मी माझ्या हातानं मरळ धरून खायला घालीन." बेचाळीस वर्षांत एकदाही जमलं नाही. आता काकूंनी तेवढं एकच धरून ठेवलं होतं. नवऱ्याच्या हातची मरळ खायची. फारुकनं भिगवणच्या बाजारातून एक आणलीही होती. काकूंनी वाटी बाजूला सारली. "मला फशिवतूस व्हय रं लबाडा?" म्हणाल्या आणि हसल्या. फारुकला मात्र घरी येऊन रडू कोसळलं.

दुपारी हिंदुराव आले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"बेडूक दे एक. चाळीसवाला."

"आबा, हा साडेसहाशेचा न्या. पैशांचं नाव काढू नका."

"नगं."

"अहो, ऐका तरी! स्वस्तातल्यालाही मासा फसतो, रंगरूप सेमच असतं. पण गळ कच्चा निघतो. आलेला मासा हातातनं जातो."

"मासा येतूय न्हवं? बास मग."

काय म्हणावं या माणसाला! बायको मरायला टेकलीय आणि हा चाळीस रुपयांवर अडून बसलाय. फारुकला चीड आली, आणि लगेच चीड आल्याची लाजही वाटली. हिंदुरावांच्या कापडी पिशवीत भाकरीचं फडकं होतं आणि त्यातून एक छोटी कानस डोकावत होती. कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होते ते. हे भिकार गळ म्हातारा स्वतःच घासून धार लावत असणार, आणि तरी मासा सुटतोय. माझ्या मालापायी.

"उद्या शुक्रवार, आबा. माझं दुकान बंद. मीच येतो तुमच्यासंगं. बेडूकही मीच आणतो."

हिंदुराव पिशवी काखेत दाबून निघून गेले.

संध्याकाळी फारुकनं चाळीसच्या बेडकातला गळ उपटला आणि साडेसहाशेच्या बेडकातला त्यात बसवला. बाहेरून कुणाला कळायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी पळसदेवला काठावर पोचताच फारुकनं स्वतः बेडूक दोरीला बांधला. हिंदुरावांनी सवयीनं गळावर अंगठा फिरवला आणि हात थांबला.

"ह्यो कुटला रं?"

"तोच आबा, चाळीसवाला."

हिंदुरावांचा हात पिशवीकडे गेला. फारुक शेजारी उभाच होता. हात तसाच रिकामा परत आला.

त्यांनी बेडूक फेकला तोही उघड्या पाण्यात. मरळ जलपर्णीच्या कडेला असते, हे शेंबड्या पोराला कळतं. फारुक ओरडणार, तोच पाणी फाटलं. काळी पाठ वर आली आणि बेडूक नाहीसा झाला.

"लागली! आबा, लागली!"

पण म्हाताऱ्यानं दोरी सैल सोडली. एकदा नाही, दोनदा.

"ताण धरा! अहो, काय करताय काय!" फारुक गुडघाभर पाण्यात शिरला. गळ भारीतला होता, सुटायचं नाव घेईना. त्यानं दोन्ही हातांनी मरळ काठावर लोटली. चांगली दीड किलोची.

त्यानं ओल्या हातांनीच फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"काकू, मसाला वाटायला सांगा! आबांनी मरळ धरली!"

पलीकडून काकूंचा खोल गेलेला आवाज आला.

"त्येंनीच धरली न्हवं? तू न्हाय न्हवं?"

"अल्लाशपथ काकू, त्यांनीच."

"बरं झालं बाळा," काकू म्हणाल्या. "लई बरं झालं. लवकर या."

फारुकच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्यानं वळून पाहिलं, तर हिंदुराव चिखलात बसले होते आणि गदागदा रडत होते. आनंदानं रडतायत, असं त्याला वाटलं.

"चला आबा, उठा. काकू वाट बघतायत."

हिंदुरावांनी पिशवीतून कानस काढली आणि त्याच्या हातात ठेवली.

"अडीच म्हैनं ह्या कानशीनं गळ बोथट करत आलूय मी, फारुक," ते म्हणाले. "ती म्हनलीय, तुमच्या हातची मरळ पोटात गेली, की मी जायाला मोकळी."