मुदतवाढ

रहाटणीच्या वाचनालयात वर्षालीताई परत आलेल्या पुस्तकाची दुमडलेली पानं आधी सरळ करायच्या, मगच तारखेचा शिक्का मारायच्या. आज बबनराव बायकोसाठी नेलेल्या आख्यानांच्या पुस्तकाची मुदत वाढवून घ्यायला आले.

"तिसऱ्यांदा? काकूंचं वाचन फारच निवांत चाललंय." ताई हसल्या आणि सवयीने एका पानाचा कोपरा सरळ करून त्यांनी शिक्का मारला.

बबनरावांनी पुस्तक चाळलं, पुन्हा चाळलं. पानोपानी जुन्या घड्यांच्या रेषा होत्या.

"मला वाचता येत न्हाई, ताई. हीच वाचून दाखवायची. रविवारी गेली. तिचं अर्धं राहिलेलं आख्यान महाराज दहाव्याच्या प्रवचनात पुरं करणार हायेत."

"कुठवर आल्या होत्या काकू?"



"तुमी आत्ता सरळ केलं, त्या पानापर्यंत."