लाल लालला, काळी काळीला

"हा एकच डबा, वहिनी. भिंतीला टांगला की संपलं, सगळं आतच आहे," सोलरवाला म्हणाला. "आणि हे सुटं. चार्जर वेगळा, बॅटरी वेगळी, इन्व्हर्टर वेगळा. काम तेच, पसारा मात्र लग्नघरासारखा."

डोंगरावरच्या या घरापर्यंत विजेचे खांब आलेच नव्हते. पुन्हा खेप नको म्हणून तो दोन्ही प्रकार गाडीत घालून आला होता. मागच्या अंगणात जुना जनरेटर शेवटच्या धापा टाकत होता.

सुताराने डब्यावरून हात फिरवला. "हाच घेऊ. सुबक आहे. आजपासून महिनाभर मी कामावर. हिला एक बटण पुरे."

त्याची बायको मुलीकडे बघत होती. दोन वर्षांची ती जमिनीवर ठोकळे रचत होती. तिच्या नाकातली नळी कोपऱ्यातल्या ऑक्सिजनच्या मशीनपर्यंत गेलेली. मशीन थांबलं की पाच मिनिटांत तिचे ओठ निळे पडत.

"डबा बंद पडला तर?"

"कंपनीत न्यायचा. आठ-दहा दिवस धरा."

"आतली बॅटरी भरलेली असली तरी?"

"असली तरी. सील असतं ना."

"आणि हे सुटं?"

"यात बंद पडलाच तर इन्व्हर्टर पडेल. मग ही चिमट्यांची वायर घ्यायची. लाल लालला, काळी काळीला. मशीन थेट बॅटरीवर."

"सुटंच लावा," ती म्हणाली.

"उघड्या तारा?" सुतार म्हणाला. "पोरीचे हात कुठे कुठे जातात, बघतेस ना?"

"बघते. दुसरं करते काय मी?"

सोलरवाला हसला. "भाऊ, घ्या आता ऐकून."

दुपारपर्यंत पॅनल छपरावर चढले. जनरेटर कायमचा बंद झाला आणि घरात फक्त मशीनची घरघर उरली. सोलरवाल्याने तिच्याकडून चिमटे तीनदा लावून घेतले. पहिल्यांदा लाल चिमटा निसटला. तिसऱ्यांदा तिने पाचापर्यंत मोजायच्या आत लावले. "पास," तो म्हणाला आणि सामान बांधायला गाडीकडे गेला.

तोवर सुताराने पडवीत फळ्या जोडून एक कपाट उभं केलं होतं. दाराला हवेसाठी जाळी, मजबूत कडी, वर पॉलिशचा हात. बॅटरी आत, इन्व्हर्टर आत, चिमट्यांची वायर खिळ्याला. त्याने कुलूप घातलं, ओढून पाहिलं आणि मुलीला उचलून तिचा हात कुलपावर आपटला. "लाव बघू आता हात!"

मुलगी खिदळली. नळी त्याच्या कोपरात अडकली, ती सोडवायला बायको धावली. गाडीचा हॉर्न वाजला. त्याने हत्यारांची पिशवी खांद्याला मारली आणि त्याच गाडीतून निघाला.

तासाभराने तिला वाटलं, एकदा आणखी लावून पाहावं. ती कपाटापाशी गेली. कुलपाची किल्ली कुठेच नव्हती.

नवऱ्याचा फोन तिसऱ्या प्रयत्नात लागला.

"किल्ली? थांब... अगं, हत्यारांच्या किल्ल्यांतच अडकवली की मी. साइटवरची सवय." गाडीचा आवाज मोठा झाला. "आता घाटाखाली आलो. रविवारी दूधवाल्याच्या हाती पाठवतो. नवं कोरं सामान आहे, चार दिवसांत काय होतंय? आणि तोडू नकोस हं, पॉलिश ओलं आहे."

तिने लाकडं फोडायची कुऱ्हाड आणली. पहिला घाव कडीवर बसला, कडी हलली नाही. आवाजाने मुलगी दचकली आणि रडू लागली. रडताना तिचा श्वास अपुरा पडे. तिचे ओठ करडे झालेले पाहून आईने कुऱ्हाड टाकली आणि तिला छातीशी धरलं. बऱ्याच वेळाने ओठांवर रंग आला.

तिने कुऱ्हाड कपाटाला टेकवून ठेवली. मुलगी ठोकळे सोडून लगेच तिकडे सरकली. मग आईने कुऱ्हाड उचलून कपाटाच्या माथ्यावर ठेवली. टाचा उंचावून आपला हात पोचतो का पाहिलं. पोचला. दुसऱ्यांदा डोळे मिटून पाहिलं, रात्री अंधारात कुऱ्हाड सापडेल का ते.