बोलता बोलता बंद

कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला, आणि तोही नेमका काकू बोलत असताना.

म्हणजे बोलत होता कॉम्प्युटरच. घशाच्या ऑपरेशनमध्ये काकूंचा आवाज गेला तो गेलाच. तेव्हापासून त्या एका बोटाने टाइप करायच्या आणि आतली बाई ते मोठ्याने वाचायची. बाई कसली, बातम्या देणारीच. "भाजीत मीठ जास्त झालं आहे," हेसुद्धा ती अशा थाटात सांगे, की काकांना वाटे, आता पुढे हवामान. पण तक्रार कोण करतो? घरात कुणीतरी बोलत होतं, हेच काय कमी होतं.

गंमत अशी, की "गॅस बंद करा", "औषध घेतलंत का" असली बोलणी बिनबोभाट पार पडत. "तुम्हाला एक विचारायचं आहे," असं बाई म्हणाली रे म्हणाली, की पडदा काळा. पुन्हा सुरू करून काका विचारत, काय विचारायचं होतं? काकू हाताने उडवून लावत, राहू दे. शाळेत मास्तरीण होत्या. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायची सवयच नव्हती. काकांनी पाटी आणून दिली. पण हात थरथरायला लागल्यापासून अक्षर बिघडलं होतं, आणि ते वेडंवाकडं अक्षर नवऱ्याला दाखवायला त्या तयार नव्हत्या. हल्ली तर कॉम्प्युटरपुढे बसणंही टाळू लागल्या होत्या. घर कसं खायला उठायचं. काय विचारायचं असेल हिला, या विचाराने काकांचा जीव टांगणीला लागला होता.

दुरुस्तीवाली ताई येऊन गेली होती. तिने खोका उघडून पंखा झाडला, आतली धूळ काढली, वीज पुरवणारा डबा बदलून पाहिला. शेवटी सगळं दुकानात नेलं, तर तिथे पठ्ठ्या एकदाही बंद पडला नाही. घरी आणला, पुन्हा तेच रडगाणं. आज ती आली तेव्हा तिने खोक्याला हातच लावला नाही. टेबलाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "रोज बसता तसे बसा. मी इथे नाहीच असं समजा."

दोघंही अवघडले. लग्नाच्या फोटोतसुद्धा इतके अवघडले नसतील. काकूंनी आधी काहीतरी फुटकळ टाइप केलं, खिडकी लोटा, पंखा कमी करा. सगळं सुरळीत चाललं. मग त्यांचं बोट जरा घुटमळलं.

"तुम्हाला एक विचारायचं आहे," बाई म्हणाली.

काकांचं आयुष्य छापखान्यातल्या खडखडाटात गेलेलं. एका कानाने जवळजवळ ऐकूच येत नसे. एरवी ते दारापाशी बसल्या बसल्या अंदाजाने भागवत. पण महत्त्वाचं काही असलं, की खुर्ची टेबलापर्यंत ओढायची, दुखरा पाय टेबलाखाली लांब करायचा आणि चांगला कान पुढे करायचा. आत्ताही त्यांनी तेच केलं. पडदा काळा झाला. काका धडपडत उठायला लागले.

"उठू नका, काका," खालून ताई म्हणाली. "पाय आहे तिथेच ठेवा."

टेबलाखाली जुना एक्स्टेन्शन बोर्ड पडला होता आणि काकांची टाच त्याच्या वायरवर होती. वायर दाबली, की आतला ढिला जोड सुटायचा. घाबरून काका उठले, की तो पुन्हा लागायचा. दुकानात बंद पडणार तरी कशाला? तिथे ना ही वायर, ना काकांचा पाय.

काकांचा चेहरा पार उतरला.

"म्हणजे इतके दिवस हिचं तोंड मीच बंद करत होतो," ते म्हणाले.

ताईने नवा बोर्ड भिंतीवर बसवला, वायरी वर बांधून टाकल्या आणि निघताना एवढंच सांगितलं, की आता कसेही बसा, काही होत नाही.

ती गेल्यावर काकांनी खुर्ची पुन्हा दारापाशी नेली आणि ते पाय खुर्चीखाली घेऊन, शिक्षा झाल्यासारखे बसून राहिले. काकूंनी मानेने बोलावलं. ते हलेनात. मग काकूच उठल्या, बाहीला धरून त्यांना टेबलाशी आणून बसवलं आणि टाइप करायला लागल्या. बराच वेळ लागला. काकांनी चांगला कान पुढे केला.

"मला माझा आवाज आठवेनासा झाला आहे," बाई एका सुरात म्हणाली. "तुम्हाला आठवतो का?"

आठवतो का म्हणजे काय! पण आवाज सांगायचा कसा, काकांना कळेना. रंग असता तर सांगता आला असता. ते उठले, दाराबाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि जिन्यात उभं राहून जमेल तितक्या बारीक आवाजात ओरडले, "अहो, दार उघडा! हात अडकलेत माझे, वह्या पडतील!"

शेजारचं दार किलकिलं झालं. काका लाजून घाईघाईने आत आले.

काकू हसत होत्या. आवाज नव्हता, पण खांदे गदगदत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्यांनी पदराने तोंड पुसलं, नाक पुसलं, आणि बोट पुन्हा कीबोर्डवर नेलं.

"इतका चिरका नव्हता," बाई म्हणाली.

"होता," काका म्हणाले.