पुन्हा डावी बाही

"तू खरा आहेस का?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मी आमच्या संगणकाच्या आत चालणाऱ्या त्या दुसऱ्या, आभासी संगणकाला विचारलं. एंटर दाबलं आणि सगळंच क्रॅश!

सिस्टीम नवी, तीही चाचणीची. एकात दुसरा संगणक चालवायचं सेटिंग मी मोठ्या ऐटीत चालू केलेलं. मागून आई म्हणाली, "अगं, उद्या प्रोजेक्ट द्यायचंय ना?"

शर्टाच्या डाव्या बाहीला इस्त्री करत बाबा हसले, "आधी हिची अक्कल अपडेट करा!"

संगणक पुन्हा चालू करून त्याचा ड्रायव्हर प्रोग्रॅम बदलला, पुन्हा विचारलं. पुन्हा क्रॅश.

"अगं, उद्या प्रोजेक्ट द्यायचंय ना?"

"आई, किती वेळा तेच तेच!"

"आत्ता पहिल्यांदाच तर म्हणतेय."

बाबांच्या हातात तीच डावी बाही, पुन्हा चुरगळलेली. "आधी हिची अक्कल अपडेट करा!"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता सेटिंगच बंद करते. बटण अर्धं सरकवलं, तोच आई "अगं, उद्या प्रो..." वर थांबली. इस्त्रीची वाफ हवेत तशीच राहिली.

चटका बसल्यासारखं मी बोट मागे घेतलं, बटण परत 'चालू'वर गेलं.

"...जेक्ट द्यायचंय ना?"

"आई, बाबा," मी म्हणाले, "प्रोजेक्ट राहिलं तरी चालेल. हे सेटिंग मी कधीच बंद करणार नाही."