फरांद्यांची सूचना

अक्षर म्हणजे ज्याला क्षय नाही ते, असं संस्थेच्या मासिकावर दर महिन्याला छापलेलं असे. रौप्यमहोत्सवी ग्रंथासाठी अध्यक्ष इनामदारबाईंनी जुने अंक संगणकावर उघडले, तर पडद्यावर नुसते चौकोन. छापील अंक बाईंनी गेल्याच महिन्यात रद्दीत घातले होते. सगळं संगणकात आहे म्हणून.

"अहो, दोनशे सुइणींच्या मुलाखती होत्या त्यात. निम्म्या आता हयातही नाहीत." बाई मटकन खाली बसल्या.

सचिव फरांदेही हादरले होते, पण आतून थोडे सुखावलेही. "ती कंपनी बुडाली, सॉफ्टवेअर बंद पडलं. बारा वर्षांपूर्वीच सांगत होतो, कुठेही उघडेल अशा खुल्या स्वरूपात ठेवू. तुम्ही म्हणालात, फुकटातलं टिकत नाही."

"मी? काहीतरीच काय."

फरांद्यांनी त्या सभेचं इतिवृत्त काढलं. ते त्यांनी हट्टानं खुल्या स्वरूपात ठेवलेलं, म्हणून चटकन उघडलं. बाईंनी चष्मा लावून वाचलं, "फरांदे यांची सूचना एकमताने फेटाळण्यात आली." मग चष्म्यावरून पाहिलं. "एकमताने, फरांदे?"

फरांद्यांना आठवलं. समोसे गार होत होते, म्हणून त्या दिवशी हात त्यांनीही वर केला होता.