आधी प्रार्थना

आमच्या ह्यांची खोड मला लग्नापासून ठाऊक आहे. महाडच्या मंडळीचे पास्टर झाल्यापासून तर ती फारच वाढली. समोरच्यानं दुःख सांगायला तोंड उघडलं, की हे डोळे मिटून प्रार्थना सुरू करतात!

कुडपणच्या तुळसाबाई दर रविवारी उपासना संपली की ह्यांना गाठायच्या. "पास्टर, माझा अक्षय..." एवढं म्हणेपर्यंत ह्यांचा हात त्यांच्या डोक्यावर. "हे प्रभू, मुंबईत या लेकराला सांभाळ, त्याची नोकरी टिकव..." आमेन होईपर्यंत बाईंच्या एसटीची वेळ झालेली असायची.

"अहो, त्यांचं एकदा पुरतं ऐकून तरी घ्या," मी किती वेळा चिडून म्हटलं.

"प्रार्थना केली ना? आता प्रभू बघेल."

गेल्या रविवारी बाई आल्याच नाहीत, म्हणून आम्ही कुडपणला गेलो. त्या पडवीत एकट्याच बसल्या होत्या.

"अक्षय मुंबईची नोकरी सोडून पावसाळाभर हितंच व्हता. कुणाशी बोलत नव्हता. पास्टरला घरी बोलाव, त्यांनाच सांगेन, येवढंच बोलायचा. परवा कुठं निघून गेला, ठाव नाय. फोन बंद हाय."

ह्यांचा चेहरा पडला. सवयीनं हात त्यांच्या डोक्याकडे गेला, डोळे मिटले.

तुळसाबाईंनी तो हात धरून खाली ठेवला.

"देवाला सगळं ठाव व्हतं, पास्टर. तुमाला नव्हतं, म्हून सांगायला येत व्हते."